मुरुममध्ये फिट येणारे किती? मोजणीचा, गोळीचा आणि एसटीचा खर्च

वीस हजार वस्ती धरा. धाराशिव जिल्ह्यातल्या मुरुम नगरपरिषदेच्या हद्दीत आज नेमकी किती माणसं राहतात हा वाद बाजूला ठेवू. हिशेबाला गोल आकडा बरा. या वीस हजारांत फिट येणारी माणसं किती असतील? टपरीवर विचारलं तर ‘असतील चार-पाच’ असं उत्तर येईल. मेडिकलवाला फार तर दहा-पंधरा म्हणेल. खरा आकडा शंभराच्या आसपास असायला हवा.

हा आकडा काढायला एक रुपयाही लागत नाही. आणि ज्या घरात फिटचा रुग्ण आहे, त्या घराचा वर्षाचा खर्च बराचसा याच आकड्यावर ठरतो, कारण ग्रामीण रुग्णालयात गोळ्या किती मागवायच्या हे तिथल्या मागणीवरून ठरतं. चार-पाच रुग्णांसाठी कुणी साठा करत नाही आणि शंभर रुग्ण कागदावर दिसतच नाहीत. मग ज्याचा तो सोलापूरची किंवा लातूरची एसटी पकडतो.

फुकटातला अंदाज

देशात घरोघरी जाऊन केलेल्या मोजण्या उपलब्ध आहेत. त्यातला दर घ्यायचा आणि आपल्या वस्तीला गुणायचं. मुंबईतल्या पारशी वसाहतींमध्ये १४ हजार लोकांची पाहणी झाली होती. ती १९८८ साली प्रसिद्ध झाली. तिथे हजारी ३.६ लोकांना चालू अपस्मार, म्हणजे फिटचा आजार, होता. कर्नाटकातल्या येळंदूर भागात सुमारे ६५ हजार लोकांच्या पाहणीत हजारी ४.६ निघाले. केरळात मलप्पुरममध्ये २ लाख ३८ हजार लोकांमागे हजारी ४.९. काश्मीरच्या एका खोऱ्यात मात्र हजारी अडीचच. आणि बंगळुरू शहर व आसपासची खेडी मिळून लाखभर लोकांची जी मोजणी २००४ साली प्रसिद्ध झाली, तिच्यात हजारी ८.८, त्यातही शहरात ५.७ आणि खेड्यांत थेट ११.९.

आता गुणाकार. काश्मीरचा दर लावला तर मुरुममध्ये ५० रुग्ण, पारशी वसाहतींचा लावला तर ७२, येळंदूरचा लावला तर ९२, मलप्पुरमचा लावला तर ९८ आणि बंगळुरूच्या खेड्यांचा लावला तर २३८. देशभरच्या अभ्यासांची गोळाबेरीज हजारी साडेपाचच्या आसपास येते. माझं मत विचाराल तर मुरुमसाठी हजारी पाच धरावं आणि बोलताना ‘शंभर, कदाचित दीडशे’ म्हणावं. हजारी पाचच धाराशिव जिल्ह्याला लावलं, तर २०११च्या जनगणनेतल्या १६ लाख ५७ हजार वस्तीत आठ हजारांहून अधिक रुग्ण होतात. येळंदूरमध्ये दर वर्षी लाखामागे ४९ नवे रुग्ण आढळले होते. त्या हिशेबाने मुरुममध्ये वर्षाला दहा घरांत हा आजार नव्याने येतो.

खेड्यांतला दर जास्त का, याची कारणं आपल्याकडेही हजर आहेत. अडलेलं बाळंतपण आणि जन्मताच न रडलेलं बाळ. मेंदूज्वर. पुणे-हैदराबाद महामार्गावर हेल्मेटशिवाय झालेले अपघात. शिवाय डुकरातल्या फीतकृमीची अंडी पोटात जाऊन मेंदूत होणाऱ्या गाठी. ‘आम्ही माळकरी, आम्हाला कसं होईल’ असं म्हणण्याची सोय इथे नाही. ही अंडी माणसाच्या विष्ठेतून मातीत आणि तिथून न धुतलेल्या कोथिंबिरीवर, मुळ्यावर येतात.

आणखी एक झटपट ताळा आहे. खेड्यात एका आशाताईकडे साधारण हजार वस्ती असते, म्हणजे प्रत्येकीच्या भागात पाच रुग्ण असायला हवेत. मुरुमच्या आसपासच्या गावातल्या आशाताईला विचारा. तिला एकच माहीत असेल, तर उरलेले चार एकतर घरात लपवलेले आहेत किंवा आपल्याला फिट येते हे त्यांना स्वतःलाच माहीत नाही.

मोजायचंच ठरवलं तर

कुणाला वाटेल, अंदाज नको, घरोघरी मोजू. माधवराव पाटील महाविद्यालयाच्या राष्ट्रीय सेवा योजनेतली मुलं आहेत, उत्साह आहे. जरूर करा, पण आधी खर्चाचा कागद मांडा. खालचे दर माझे गृहीत आहेत. तुमच्या गावचे घाला.

वीस हजार माणसं म्हणजे चार हजार घरं. एक माणूस नीट विचारपूस करत दिवसाला २५ घरं करतो. म्हणजे १६० दिवसांचं काम. रोजचे ५०० रुपये मानधन धरलं तर ८० हजार. विद्यार्थी फुकट करतील, पण त्यांचं प्रशिक्षण, चहापाणी, फॉर्म छापणं यात पंधरा-वीस हजार जातातच.

खरा खर्च पुढे आहे. प्रश्नावली कितीही चांगली केली तरी ती चुकते. शंभर निरोगी माणसांतल्या दोघांनाच तिने चुकून ‘फिट’ ठरवलं असं धरा. वीस हजारांत असे चारशे निघतात आणि खरे रुग्ण असतात शंभर. म्हणजे डॉक्टरांनी न तपासता आकडा छापला तर तो पाचपट फुगतो. उन्हात उभं राहून चक्कर आलेली मुलगी, अचानक दारू सोडल्यावर झटका आलेला माणूस, साखर उतरून बेशुद्ध पडलेली आजी, अंगात येणाऱ्या बाई, तापात एकदा फिट आलेलं दोन वर्षांचं पोर, ही सगळी त्या चारशेंत असतात. तापातली फिट अपस्मारात मोजतच नाहीत. मोजणीसाठी जगभर मान्य असलेला नियम असा आहे: तापासारखं तात्कालिक कारण नसताना, चोवीस तासांहून जास्त अंतराने, किमान दोन फिट आलेल्या असाव्यात, आणि ‘चालू’ म्हणायचं तर गेल्या पाच वर्षांत एकदा तरी फिट आलेली असावी किंवा गोळ्या सुरू असाव्यात.

तेव्हा पाचशे माणसं मेंदूविकारतज्ज्ञाला दाखवायची. दिवसाला चाळीस तपासली तरी बारा-तेरा दिवस. दिवसाचे दहा हजार धरले तर सव्वा लाख. सगळं मिळून सव्वादोन लाखांच्या घरात प्रकरण जातं. सोलापूरच्या डॉ. वैशंपायन स्मृती किंवा लातूरच्या विलासराव देशमुख शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाने आपल्या शिकाऊ डॉक्टरांसह यात हात घातला तर हा खर्च निम्म्यावर येऊ शकतो. संशोधन म्हणून करायचं असेल तर तिथल्या नैतिकता समितीची परवानगीही घ्यावीच लागते.

पैसे वाचवायला ‘पावच गाव मोजू’ म्हणाल, तर त्याचीही किंमत आहे. पाच हजार माणसं मोजली तर २५ रुग्ण सापडावेत अशी अपेक्षा असते, पण नुसत्या योगायोगाने १५ ते ३५ मधलं काहीही निघू शकतं. एवढ्या ढिल्या उत्तरासाठी पन्नास हजार घालायचे असतील तर मघाचा फुकटातला अंदाज काय वाईट होता? हजारी पाचचा दर एकाने इकडेतिकडे इतक्या नेमकेपणाने सांगायचा असेल, तर साधारण १९ हजार लोक मोजावे लागतात. म्हणजे जवळपास सगळं मुरुम.

शिवाय लोक सांगत नाहीत, हा सगळ्यात महाग अडथळा. लग्नाची मुलगी असलेलं घर ‘आमच्यात कुणाला नाही’ म्हणतं. ट्रकवर जाणारा ड्रायव्हर परवान्याच्या भीतीने गप्प बसतो, कारण परवान्याच्या अर्जात फिटबद्दल थेट प्रश्न असतो. दिवाळीनंतर मोजायला निघालात तर ऊसतोडीला गेलेली कुटुंबं घरी नसतात आणि कारखान्यावर आलेली परगावची भरतात. प्रश्नही सगळ्या भाषांत विचारावा लागतो. सीमेवरचं गाव आहे. कुणी फिट म्हणेल, कुणी आकडी, फेफरं, मिरगी, कन्नड बोलणारं घर आणखी काही. ‘अपस्मार आहे का?’ असं विचारणाऱ्याला शंभर टक्के ‘नाही’ मिळेल. आणि वर्गात दहा-पंधरा सेकंद एकटक बघत पोराचं ‘हरवणं’ ही फिटच असू शकते, हे तर आईबापांनाही ठाऊक नसतं. शिक्षकाला विचारलं तर कळतं.

यावर एक स्वस्त मधला मार्ग आहे, आणि माझा कौल त्यालाच. दोन वेगळ्या याद्या करायच्या. एक आशा आणि अंगणवाडी सेविकांच्या माहितीतली, दुसरी रुग्णालयाच्या नोंदवहीतली. समजा पहिलीत ४०, दुसरीत ३० आणि दोन्हींत सामाईक १२ नावं आहेत. ४० गुणिले ३० भागिले १२, उत्तर १००. दोन्ही याद्यांतून निसटलेल्यांचाही यात अंदाज येतो. अट एवढीच की एक यादी बघून दुसरी केलेली नसावी. जे दोघांपासूनही लपलेत ते मात्र इथेही निसटतात, म्हणून खरा आकडा याहून थोडा मोठाच समजायचा. खर्च वही-पेनाचा. पण हे काम रुग्णालयाच्या वैद्यकीय अधिकाऱ्यानेच, नावं बाहेर न जाऊ देता करावं. मंडळाच्या पोरांनी मेडिकलवाल्याकडून नावं गोळा करणं हा आगाऊपणा आहे; त्यातून एखाद्या मुलीचं ठरलेलं लग्न मोडेल.

लग्नाचा विषय निघालाच आहे तर एक कायद्याची गोष्ट. हिंदू विवाह कायद्यात फिट येणाऱ्यांच्या लग्नाला आडवी येणारी अट होती; ती १९९९च्या दुरुस्तीने काढून टाकली. पुण्यातला ‘संवेदना’ हा गट अशा रुग्णांच्या लग्नाच्या कामातही मदत करतो.

घराचा हिशेब

पहिल्या फेरीचा खर्च मोठा असतो. खासगीत मेंदूविकारतज्ज्ञाची फी साधारण ५०० ते १,००० रुपये, मेंदूचा आलेख म्हणजे ईईजी हजार ते अडीच हजार, सीटी स्कॅन दोन ते साडेतीन हजार आणि एमआरआय पाच ते नऊ हजार. हे ढोबळ दर आहेत. जाण्याआधी फोन करून विचारा. प्रत्येकाला सगळ्या तपासण्या लागत नाहीत. डॉक्टरला सगळ्यात उपयोगी पडणारी वस्तू फुकट आहे: फिट येत असताना मोबाइलवर काढलेला व्हिडिओ. ईईजी ‘नॉर्मल’ आला म्हणून फिट नाही असं होत नाही. आलेख काढला त्या अर्ध्या तासात मेंदू शांत होता, एवढाच त्याचा अर्थ.

सरकारीत जायचं तर १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत, म्हणजे प्राथमिक आरोग्य केंद्र, ग्रामीण रुग्णालय, उपजिल्हा आणि जिल्हा रुग्णालयांत, उपचार व तपासण्या निःशुल्क आहेत. केस पेपरचे पैसेही नाहीत. वैद्यकीय महाविद्यालयांची रुग्णालयं वेगळ्या विभागाकडे असल्याने तिथे नाममात्र शुल्क पडतं. मूल अठराच्या आतलं असेल तर शाळेत आणि अंगणवाडीत येणाऱ्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या पथकाला जरूर सांगा. फिट हा त्यांच्या तपासणीच्या यादीतला आजार आहे आणि पुढची रवानगी ते करून देतात.

महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेवर मात्र भलती आशा ठेवू नका. ती दाखल झालेल्या रुग्णासाठी आहे. फिट थांबतच नाही म्हणून अतिदक्षता विभागात ठेवावं लागलं तर ती कामी येऊ शकते. महिन्याच्या गोळ्या तीत बसत नाहीत.

गोळ्यांकडे येऊ. फिनोबार्बिटोन, फेनिटॉइन, कार्बामाझेपिन ही जुनी औषधं. मेडिकलमध्ये एक गोळी साधारण दोन-तीन रुपयांच्या घरात. दिवसाला दोन धरल्या तर महिन्याला १२० ते १८०. लेव्हेटिरासिटाम नवं आणि महाग. ५०० मिलिग्रॅमची गोळी ब्रँडनुसार साधारण दहा ते पंधरा रुपये, म्हणजे महिन्याला ६०० ते ९००. या चारही आणि सोडियम व्हॅल्प्रोएट आवश्यक औषधांच्या राष्ट्रीय यादीत आहेत, त्यामुळे यादीतल्या ताकदीच्या गोळ्यांची कमाल किंमत सरकार ठरवतं. ती मोबाइलवर ‘फार्मा सही दाम’ या अ‍ॅपवर तपासता येते. जनऔषधी केंद्रात हीच औषधं बरीच स्वस्त पडतात. जागतिक आरोग्य संघटनेचं म्हणणं असं की योग्य निदान आणि औषध मिळालं तर शंभरातल्या सत्तर जणांच्या फिट थांबू शकतात, आणि औषधाचा खर्च वर्षाला पाच डॉलरइतका खाली येऊ शकतो.

दोन ठिकाणी मात्र काटकसर करू नका. एकदा एका कंपनीची गोळी लागू पडली की, विशेषतः फेनिटॉइन आणि कार्बामाझेपिनच्या बाबतीत, दर महिन्याला स्वस्त दिसेल ती कंपनी बदलत बसू नका. रक्तातलं प्रमाण थोडं हललं तरी फिट परत येऊ शकते. आणि लग्न झालेल्या किंवा होऊ घातलेल्या मुलीला व्हॅल्प्रोएट चालू असेल तर डॉक्टरला स्पष्ट विचारा. गर्भावर त्याचा गंभीर परिणाम होतो. पण मनाने ती गोळी बंदही करू नका; कुठलीही फिटची गोळी अचानक थांबवणं धोक्याचंच.

आता एसटी. समजा दर तीन महिन्यांनी दोघं सोलापूरला जाऊन येतात. भाडं, नाश्ता आणि दोघांची बुडालेली मजुरी मिळून एका फेरीला १,२०० रुपये धरू. २०२३ पासून महिलांना एसटीत अर्धं तिकीट आहे, म्हणून लेकराला घेऊन आई गेली तर थोडं वाचतं. बुडालेला रोज वाचत नाही. वर्षाला चार फेऱ्या म्हणजे ४,८०० रुपये. जुन्या गोळ्यांचा वर्षाचा खर्च दीड ते दोन हजार. म्हणजे औषधापेक्षा औषध आणायलाच दुपटीहून जास्त लागतात. चौथ्या-पाचव्या फेरीला ‘आता फिट येत नाही ना, राहू दे’ असं म्हणत माणूस गोळी सोडतो, ते बहुतेक इथेच. मलप्पुरमच्या पाहणीत १०० पैकी ३८ रुग्ण उपचाराविना आढळले होते, आणि ते केरळ आहे. मराठवाड्यात हे प्रमाण त्याहून कमी असेल असं मला वाटत नाही.

हाच हिशेब गावाचा करा. शंभर रुग्ण, रोज दोन गोळ्या, वर्षाला ७३ हजार गोळ्या. बाजारभावाने दोन रुपये धरले तरी १ लाख ४६ हजार. शंभर घरांच्या एसटीचा आणि बुडालेल्या मजुरीचा खर्च ४ लाख ८० हजार. गोळ्या मुरुममध्येच मिळाल्या तर वाचणाऱ्या पैशांत तीन मुरुमांच्या गोळ्या येतील.

इथे पैसे घालू नका

‘मिरगीवर हमखास इलाज’ अशी जाहिरात भिंतीवर दिसली तर ती जाहिरातच बेकायदा आहे. १९५४च्या औषधे व जादुई उपाय कायद्याच्या यादीत अपस्मार आहे; तो बरा करण्याचा दावा करणारी जाहिरात देता येत नाही. अशा पुड्यांमध्ये गुपचूप फिनोबार्बिटोन मिसळलेलं आढळल्याची प्रकरणं देशात घडली आहेत. म्हणजे दोन रुपयांची गोळी शेकडो रुपयांना विकत घ्यायची, तीही किती ताकदीची हे न कळता. उतारा, गंडा, मांत्रिक यांवर जाणाऱ्या पैशांबद्दल मी वेगळं लिहीत नाही; ज्याच्या घरातून गेले त्याला आकडा पाठ असतो.

फिट आली तर कांदा, चप्पल, लोखंडी किल्ली हुंगवून काही होत नाही. तोंडात चमचा घालून दात तुटतात, आणि मग दातांच्या डॉक्टरचं बिल वेगळं. माणसाला कुशीवर वळवा, डोक्याखाली काहीतरी मऊ ठेवा, कडेचे दगड-फर्निचर दूर करा आणि घड्याळ बघा. पाच मिनिटांत थांबली नाही किंवा शुद्धीवर न येताच दुसरी आली, तर १०८ लावा. ती रुग्णवाहिका फुकट आहे.

अर्ज कसा करायचा

‘आमच्याकडे औषध नाही’ असं तोंडी ऐकून परत येऊ नका. ग्रामीण रुग्णालयाच्या वैद्यकीय अधीक्षकांच्या नावे साधा अर्ज द्या आणि पोच घ्या. एकट्याचा नको, चार-पाच घरं मिळून द्या, नावं उघड करायची नसतील तर रुग्ण कल्याण समितीच्या सदस्यामार्फत द्या. अर्जात हे तीन मुद्दे घाला: देशातल्या पाहण्यांवरून हजारी पाच धरून वीस हजार वस्तीत अपेक्षित रुग्ण १००, वर्षाला लागणाऱ्या गोळ्या ७३ हजार, आणि रुग्णालयाच्या नोंदवहीत आज प्रत्यक्ष असलेले रुग्ण किती, याची विचारणा. महिन्यातून एक दिवस मेंदूविकारतज्ज्ञ किंवा निदान फिजिशियन मुरुमला यावा, हीही मागणी त्याच कागदावर. अर्जाची एक प्रत धाराशिवच्या जिल्हा शल्यचिकित्सकांना पाठवा. ग्रामीण रुग्णालयं त्यांच्याच अखत्यारीत येतात. १७ नोव्हेंबरला राष्ट्रीय अपस्मार दिन असतो. त्याच्या महिनाभर आधी अर्ज गेला तर त्या निमित्ताने होणाऱ्या शिबिरांच्या यादीत मुरुमचं नाव यायची शक्यता वाढते.